अंधारखोलीतील युक्ती : उष्ण प्रदेशातील फिल्म-धुलाईचा एक दुर्लक्षित इतिहास

पांझरा नदीच्या काठचे पिंपळनेर आज धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात मोडते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटिअरमध्ये मात्र पिंपळनेर हेच तालुक्याचे नाव होते आणि बळसाणे येथील प्राचीन देवळांचा समूह त्याच तालुक्यात नोंदलेला होता. या देवळांची छायाचित्रे हेन्री कझिन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात आढळतात. अभ्यासक त्या छायाचित्रांतील स्तंभ आणि शिखरे पाहतो. परंतु ज्या काचेवर ती प्रथम उमटली ती काच कोणत्या पाण्यात आणि कोणत्या हवेत धुतली गेली असेल, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः खानदेशाच्या उन्हात प्रकाशाची वाण कधीच नव्हती. अडचण उभी राही ती चित्र घेतल्यानंतर, अंधारखोलीत. त्या अडचणीवर योजलेल्या घरगुती युक्तींना तंत्रविद्येच्या इतिहासात कोणते स्थान द्यावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

छायाचित्रणाची रासायनिक कृती थंड देशांत सिद्ध झाली. फिल्म धुण्याचे प्रमाण-तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस धरलेले असते. पिंपळनेरसारख्या ठिकाणी वैशाखात हवेचा पारा ४० अंशांच्या वर जातो. डेव्हलपरचे तापमान १० अंशांनी वाढले की चित्र उमटण्यास लागणारा वेळ साधारणपणे निम्म्यावर येतो. म्हणजे १० मिनिटांचे काम ५ मिनिटांत उरकते आणि त्याहून लवकर उरकले तर ते सर्वत्र सारखे होत नाही. याहून मोठा धोका जिलेटिनचा. काचेवरील किंवा फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात बसविलेले असतात. कोमट पाण्यात हा थर फुगतो, मऊ पडतो, कडांपासून सुटू लागतो आणि अखेर चित्रासह वाहून जातो. तेव्हा परदेशी पुस्तकातील कृती येथे शब्दशः पाळणे म्हणजे चित्र गमावणे होते.

यावरील पहिला उपाय म्हणजे रात्रीचा उत्तरप्रहर आणि माठ. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माठाचे पाणी बाष्पीभवनाने थंड होते आणि बाष्पीभवन हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. खानदेशाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी थंड राहू शकते; मुंबईच्या दमट हवेत हा फरक फारच थोडा पडतो. म्हणजे पारा जेथे अधिक चढतो तेथेच ही युक्ती अधिक फळते. तथापि केवळ डेव्हलपर थंड करून भागत नाही. थंड द्रवातून काढलेली फिल्म एकदम कोमट पाण्यात घातली तर थर सुरकुततो व त्यावर बारीक जाळी पडते. म्हणून डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी ही तिन्ही एकाच तापमानावर ठेवणे हा या कामातील पहिला नियम ठरतो. पाणी २५ अंशांवर असेल आणि ते सारखे २५ अंशांवरच राहील, तर वेळ कमी करून काम निभावते.

दुसरा उपाय तुरटीचा. गढूळ पाणी निवळण्यासाठी घरोघर असणारी तुरटी जिलेटिनचा थर कठीण करते. परंतु येथेही अर्धवट माहिती घातक ठरते. तुरटी सरळ हायपोत टाकली तर गंधक सुटून ते दुधासारखे पांढरे होते. त्यासाठी हायपोत आधी सोडियम सल्फाइट आणि सौम्य आम्ल घालावे लागते. हे जमत नसेल तर तुरटीचे पाणी वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि डेव्हलपरमधून काढलेली फिल्म नीट खळबळून मगच त्यात घालावी. नाहीतर डेव्हलपरमधील क्षारामुळे फिल्मवर पांढरी साय धरते. विहिरीचे पाणी जड असल्यास ते उकळून, निवळू देऊन, दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. हायपो पुरते धुऊन निघाले की नाही हे पाहण्यासाठी विहिरीत टाकावयाचे पोटॅशियम परमँगनेट उपयोगी पडते. त्याचे फिकट जांभळे पाणी दोन पेल्यांत घ्यावे. एकात स्वच्छ पाण्याचे आणि दुसऱ्यात फिल्मवरून निथळणाऱ्या पाण्याचे काही थेंब टाकावेत. दुसऱ्या पेल्यातील रंग आधी उडाला तर हायपो शिल्लक आहे असे समजावे. शेवटी, फिल्म वाळत घालण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचा सडा घालावा, म्हणजे धूळ बसते. माठ, तुरटी, फडके आणि सडा ही सारी साधने स्वयंपाकघर व अंगण यांतील आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या साधनांचे ऐतिहासिक महत्त्व एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चलच्चित्र घेतले, तेव्हा ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. पुढे अवघ्या तेरा-चौदा वर्षांत धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ घरी धुतला. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले होते, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय केला होता आणि १९०३ साली ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले होते. १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरच्या राहत्या घरातील स्वयंपाकघर हीच अंधारखोली बनली. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे क्षणात पेट घेणारी होती. चुलीच्या सान्निध्यात तिची हाताळणी करण्यात केवढी जोखीम होती, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही.

कच्ची फिल्म कडांना छिद्रे न पाडलेल्या स्थितीत येई. काळोखात बसून छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. फिल्म धुणे, रसायने मिसळणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश परतविणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक ही कामे त्याखेरीज होती. या श्रमाचे मोजमाप करता येते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंस चार-चार छिद्रे, म्हणजे फुटास १२८ छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. तेवढ्या एका लांबीस ४,७३,६०० छिद्रे लागतात. वाया गेलेली फिल्म त्यात धरलेली नाही. छिद्रांच्या अंतरात किंचित फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरते. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रेक्षकांनी जे स्थिर चित्र पाहिले असेल, त्याची स्थिरता या हातांतून आलेली होती.

युक्तीचे ज्ञान इतिहासकारास आणखी एका प्रकारे उपयोगी पडते. भांडवल उभारण्यासाठी फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोज एक चौकट याप्रमाणे महिनाभर चित्रण करून मिनिटाभराहून थोडी मोठी फिल्म तयार झाली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. परंतु महिन्याच्या ३० चौकटी सेकंदास १६ या गतीने २ सेकंदांतच संपतात. मिनिटाभराच्या फिल्मसाठी ९६० चौकटी हव्यात, आणि त्या ३० दिवसांत घ्यावयाच्या तर दिवसाकाठी ३२ होतात. अहोरात्र काम चालले असे मानल्यास दर ४५ मिनिटांनी एक आणि केवळ दिवसाउजेडी चालले असे मानल्यास दर साडेबावीस मिनिटांनी एक, असा हिशेब येतो. तेव्हा ‘रोज एक चौकट’ हे वाक्य चरित्रकारांनी एकमेकांवरून उतरविलेले आहे, असेच अनुमान निघते. खरी हकीकत अधिक कष्टाची असली पाहिजे : दिवसभर कोणीतरी कुंडीजवळ बसून घड्याळाबरहुकूम कळ फिरवीत होते.

अशा ज्ञानाची नोंद का झाली नाही, याचे उत्तर काही अंशी भाषेतच सापडते. मराठीत फोटो ‘काढतात’ आणि रीळ ‘धुतात’. डेव्हलपरने चित्र प्रकट करणे, हायपोने ते पक्के करणे आणि पाण्याने हायपो घालविणे या तीन भिन्न क्रिया ‘धुणे’ या एकाच क्रियापदाने सामावून घेतल्या. पाणी काढणे आणि धुणे धुणे ही घरातील कामे. त्यांची कृती लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही. ‘छायाचित्रण’ हा संस्कृतनिष्ठ शब्द ग्रंथांत गेला, ‘धुणे’ अंधारखोलीत राहिले. फाळके यांनी १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकात आपल्या उद्योगाची हकीकत लिहिली आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटही १९१७ साली केला. असा स्वतःच्या कृतीचा लेख मागे ठेवणारे कारागीर विरळाच.

संगणकीय कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यावर तालुक्याच्या गावांतील अंधारखोल्या बंद पडल्या. त्यांत काम केलेले हात आता वृद्ध झाले आहेत. माठ कोठे ठेवीत, तुरटी किती घालीत, मऊ पडलेल्या थराला कोणता शब्द वापरीत, हे त्यांना विचारून लिहून घेण्यास अद्याप अवसर आहे. बळसाण्याची देवळे आणखी काही शतके उभी राहतील. त्यांचे चित्र टिकविणारी विद्या मात्र लिहून घेतली नाही तर एका पिढीत लोपेल. तिच्या संग्रहाचे काम इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेण्यासारखे आहे.