मोळी उचलताना धाप लागते? सीओपीडीत श्वास नेमका कुठे अडकतो, समजून घ्या

बीड : उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना दम सगळ्यांनाच लागतो. बरोबरचे लोक थोड्या वेळात सावरतात, पण एखाद्याची धाप खालीच येत नाही. पुढे पुढे अंघोळ करतानाही दम लागतो. 'वय झालं' म्हणून हे अंगावर काढू नका. यामागे सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट आजार असू शकतो. विडी-सिगारेट हे त्याचं मोठं कारण. पण कधीही विडी न ओढलेल्या, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायांनाही तो होतो. आधी टीबी होऊन गेलेल्यांनाही धोका असतो.

कष्ट करताना काय होतं?

निरोगी माणूस बसलेला असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. काम वाढलं की श्वास खोलही होतो आणि जलदही.

सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. घाईत पहिली हवा पूर्ण निघण्याआधीच दुसरा श्वास घेतला जातो. हवा आत साठत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. म्हणून श्वास उथळ आणि भरभर होतो. 'हवा पुरत नाही' असं वाटतं, पण मूळ अडचण जुनी हवा बाहेर न पडण्याची असते.

हात वर करून ओझं उचलताना त्रास जास्त होतो. कारण खांद्या-मानेचे जे स्नायू श्वासाला मदत करतात, तेच ओझ्यात गुंततात. वाकून मोळी बांधताना पोट दाबलं जातं, त्यानेही दम लागतो.

काय करावं?

- नाकाने श्वास घ्या. मग ओठांचा चंबू करून हळू सोडा. घ्यायला 2 आकडे, तर सोडायला 4 आकडे मोजा.
- जोर लावताना श्वास रोखू नका, सोडा.
- धाप लागली की बसा, पुढे झुका, हात गुडघ्यांवर टेका.
- चालणं बंद करू नका. बसून राहिलं की पायांची ताकद जाते आणि थोड्या कामानेही जास्त दम लागतो. डॉक्टरांना विचारून रोज थांबत थांबत चाला.
- विडी सोडा, चुलीचा धूर टाळा. इन्हेलर मनाने बंद करू नका.

तपासणी कुठे?

धाप हृदयविकाराने किंवा रक्त कमी असल्यानेही लागते, त्यामुळे अंदाजाने औषध घेऊ नका. यंत्रात जोरात फुंकून करायच्या 'स्पायरोमेट्री' तपासणीत सीओपीडी कळतो. त्यासाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. शक्यतो तोडीला जाण्याआधीच तपासून घ्या.

लगेच 108 ला फोन करा : ओठ निळे पडले, एक वाक्यही सलग बोलता येईना, छातीत दुखू लागलं किंवा माणूस गुंगीत गेला, तर थांबू नका.