शीशमाची फळी आणि ओळखीचा प्रश्न

फर्निचरसाठी लाकूड जबाबदारीने मिळवायचे, तर ते कोणत्या झाडाचे व कोठले हे आधी ठरवावे लागते. उभ्या झाडाची जात पाने, फुले व शेंगांवरून ओळखता येते. फळीवर यांतले काहीच उरत नाही. या अडचणीची किंमत भारतीय शीशमाने मोजली.

उत्तर भारतातील शीशम (डाल्बर्जिया सिसू) आणि आपल्या जुन्या वाड्यांतील काळसर शिसव (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) ही एकाच प्रजातीतील झाडे. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातले शेतकरी शीशम बांधावर लावतात. सहारनपूरचे कोरीवकाम व जोधपूरचे फर्निचर यांत त्याचा मोठा वापर होतो. मात्र याच प्रजातीतील मादागास्कर आणि आग्नेय आशियातील मौल्यवान जातींची बेसुमार चोरटी तोड झाली. कापलेले लाकूड एकमेकांसारखे दिसत असल्याने एका जातीच्या नावाखाली दुसरी सहज खपवता येई.

म्हणून २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराने संपूर्ण प्रजातीच परिशिष्ट दोनमध्ये घातली. आधीच परिशिष्ट एकमध्ये असलेली ब्राझीलची डाल्बर्जिया नायग्रा तेवढी तिथेच राहिली. २ जानेवारी २०१७ पासून नियम लागू झाला आणि बांधावरचा शीशमही परवान्याच्या कक्षेत आला. भारत सरकारच्या माहितीनुसार शीशमच्या वस्तूंची वार्षिक निर्यात सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर घसरली. सुमारे ५०,००० कारागिरांना झळ बसली. शीशमला यादीतून वगळण्याचा भारताचा प्रस्ताव २०१९ मध्ये मान्य झाला नाही. अखेर २०२२ च्या पनामा परिषदेत दिलासा मिळाला : प्रत्येक वस्तूतील लाकूड दहा किलोपेक्षा कमी असेल, तर खेपेत कितीही वस्तू असोत, साइटिस परवाना लागत नाही.

ही सवलत वजनाच्या आधारे मिळाली. लाकडाची ओळख पटवण्याचा प्रश्न तसाच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या व किरणांची रचना पाहून प्रजाती बहुधा कळते, जात क्वचितच. डीएनए वा रासायनिक परीक्षण अधिक नेमके असले, तरी तुलनेसाठी खात्रीचे नमुने लागतात. असे हजारो नमुने देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने, जपले आहेत. असे संग्रह जितके समृद्ध, तितकी चोराच्या गुन्ह्याची शिक्षा प्रामाणिक कारागिराला होण्याची शक्यता कमी.