कादंबरी कुणी कुणाला दिली?

"कथा-कादंबऱ्या वाचून चळवळ चालत नाही. वाचायचे तर बाबासाहेब वाचा." आपल्या अभ्यासवर्गांत हे वाक्य इतक्या वेळा बोलले जाते की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. तरुण मुलगा किंवा मुलगी हातात कथासंग्रह घेऊन आली की एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता हसतो आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुढे सरकवतो. ते पुस्तक वाचलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. आमचा वाद दुसऱ्याच गोष्टीशी आहे. वैचारिक पुस्तक म्हणजे लढाई आणि कथा म्हणजे करमणूक, ही विभागणी आपल्या चळवळीच्या इतिहासात बसत नाही. ती नंतर आली आणि आपल्यावर लादली गेली. कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात मुंबईपासून करू. गावातून आलेला आपला माणूस गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागला आणि चाळीत किंवा झोपडीत राहू लागला. अक्षरओळख असलेला एखादा, बाकीचे ऐकणारे. 'मूकनायक' 1920 साली निघाले, 'बहिष्कृत भारत' 1927 साली, 'जनता' 1930 साली. ही पत्रे एकाने वाचायची आणि दहा जणांनी ऐकायची असत. म्हणजे आपल्याकडे वाचन हे मुळातच एकट्याचे काम नव्हते. 'जनता'मध्ये अग्रलेख असत, सभांचे वृत्तांत असत आणि कथाही असत. बंधुमाधवांच्या कथा याच पत्राच्या वाचकांनी वाचल्या आणि ऐकल्या. त्या काळात कुणी म्हटले नाही की अग्रलेख ऐका आणि कथा सोडून द्या. एकाच कागदावर दोन्ही छापलेले होते आणि एकाच आवाजात वाचले जात होते.

शिवाय मुंबईत भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने होती. दिवसाच्या भाड्यावर पुस्तक न्यायचे, वाचून परत करायचे. तिथे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा खच असे. झुंजार आणि काळा पहाड यांची नावे कामगार वस्तीतल्या पोरांना पाठ होती. आजचे समीक्षक या वाचनाकडे नाक मुरडून बघतात. आम्हाला ते पटत नाही. शहराचे मोठे वाचनालय पेठेत, तिथे वर्गणी, अनामत, ओळख देणारा कुणीतरी प्रतिष्ठित माणूस. भाड्याच्या दुकानात यातले काही लागत नव्हते. ज्याला जोडाक्षरे अडत होती त्याला झुंजारने सरळ वाचायला शिकवले. आणि एकाने भाडे भरून आणलेले पुस्तक त्या रात्री चार जणांनी वाचून काढले की 'हे वाच, ते नको' असे एकमेकांना सांगणे आपोआप सुरू होते. ते सांगणे महत्त्वाचे. समीक्षा नावाची गोष्ट आपल्या वस्तीत तिथून सुरू झाली, असे आम्ही म्हणतो.

या वस्तीतूनच अण्णा भाऊ साठे आले. 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावला जन्म, शाळा जेमतेम दीड दिवसाची, आणि मुंबईत आल्यावर पाट्या नि पोस्टर वाचत वाचत साक्षर झालेला माणूस. 1959 साली त्यांची 'फकिरा' आली. तिला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची आणि अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आता जरा थांबून बघा. मातंग समाजात जन्मलेला, लाल बावट्याखाली शाहिरी केलेला लेखक आपली सर्वांत मोठी कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो. त्या काळात कम्युनिस्ट आणि आंबेडकरी पुढारी एका व्यासपीठावर क्वचितच बसत. महार आणि मांग वस्त्यांमध्येही अंतर होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुष्काळात आपल्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा ही अंतरे ओलांडून गेला. त्याला वाचणाऱ्याने आधी त्याची पोटजात विचारली नाही. जे सभांना जमले नाही ते एका कादंबरीने काही प्रमाणात केले.

आणि आज? आज अण्णा भाऊ 1 ऑगस्टला एका समाजाचे आणि उरलेल्या वर्षभर कुणाचेच नसतात. बॅनरवर त्यांचा फोटो आहे, पण फोटोखाली उभ्या असलेल्या किती जणांनी 'फकिरा' शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे? हा प्रश्न आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यक्रमात विचारला होता. काही जणांना राग आला. येऊ द्या.

माटुंगा लेबर कॅम्पशी नाते असलेला दुसरा लेखक म्हणजे बाबुराव बागूल. 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. पुढे ती उघड होते आणि त्याला मार पडतो. त्याला सोडवतो तो काशिनाथ, जात न लपवता ताठ मानेने वावरणारा दुसरा दलित कामगार. एवढीच गोष्ट. पण नोकरीच्या गावी घरमालकाच्या पहिल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हा पेच ज्याने भोगला आहे त्याच्या हातात ही कथा पडली तर काय होत असेल? तो ती कपाटात ठेवणार नाही. तो ती दुसऱ्याला देईल, आणि देताना फार काही बोलणारही नाही. "हे वाच," एवढेच. कारण आपली जात आपण कुठे कुठे चोरली हे कबूल करणे कठीण असते, पुस्तक देणे त्यामानाने सोपे. वैचारिक ग्रंथ तुम्हाला जातीची रचना समजावून देतो. पण जात लपवताना घशाला पडणारी कोरड ही एकट्या आपल्याच नशिबी नाही, हे बागुलांच्या कथेने सांगितले. चळवळीला या दोन्ही गोष्टी लागतात.

इथे अमेरिकेतली एक हकीकत सांगतो. ती विषयाला सोडून नाही, कारण तिच्या लेखकापर्यंत आपल्याला नेणारा रस्ता औरंगाबादहून जातो. रिचर्ड राइट हा काळा लेखक तरुणपणी मेम्फिस शहरात काम करत होता. तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून काळ्या माणसाला पुस्तके मिळत नसत. त्याने कामावरच्या एका गोऱ्या माणसाचे कार्ड मागून घेतले आणि त्या माणसाच्या नावाने स्वतःच एक चिठ्ठी लिहिली. आपण फक्त साहेबाची पुस्तके न्यायला आलेला पोऱ्या आहोत असे भासवून तो पुस्तके घेऊन आला. मेंकन या टीकाकाराचे जे पुस्तक मिळाले त्यात त्याला कधी न ऐकलेल्या लेखकांची नावे दिसली. त्या नावांमागे जात जात तो सिंक्लेअर लुईसच्या, ड्रायझरच्या कादंबऱ्यांपर्यंत पोहोचला. राइटने ही हकीकत 1945 साली आलेल्या 'ब्लॅक बॉय' या आत्मकथनात सांगितली आहे. बागुलांच्या नायकाने खोलीसाठी जात चोरली, राइटने पुस्तकासाठी नाव चोरले.

राइटची पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. 1940 साली त्याची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबने निवडली. दरमहा एक पुस्तक सुचवायचे आणि ते हजारो सभासदांच्या घरी जायचे, अशी ती व्यवस्था. काळ्या लेखकाचे पुस्तक निवडले जाण्याची ती पहिलीच वेळ. पण निवडताना क्लबने काही प्रसंग बदलायला लावले. 'ब्लॅक बॉय'च्या वेळी तर पुस्तकाचा मोठा भागच गळाला. दक्षिणेतले बालपण छापले गेले आणि उत्तरेतल्या शहरात आलेला अनुभव वगळला गेला. दोन्ही पुस्तके मूळ रूपात वाचकांना मिळायला 1991 साल उजाडले. अर्थ उघड आहे. वाचकांना पुस्तक सुचवण्याची सत्ता ज्याच्या हातात असते, तो पुस्तकाला कात्रीही लावू शकतो.

हे लेखक मराठीत आणण्याचे काम मिलिंदच्या माणसांनी केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली पोरे तिथल्या वसतिगृहात राहत. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्या लेखकांच्या साहित्याची चर्चा त्यांनी आपल्या मुलांपुढे आणली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत सातत्याने लिहिले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झाले आणि पुढे त्याचे मेळावे भरू लागले. त्या मेळाव्यांचे नाव नीट वाचा: लेखक-वाचक मेळावा. साहित्य संमेलनात वाचक खाली खुर्चीत बसतो, भाषण ऐकतो आणि जेवून घरी जातो. इथे नावातच वाचकाला जागा होती. कुणी काय वाचले, कुणाला काय भिडले, हे बोलायला गावोगावचे शिक्षक, कारकून, विद्यार्थी येत. आपल्या कथेची यादी आपणच करत होतो.

मग ही यादी हातातून कशी सुटली? आमचे उत्तर अनेकांना आवडणार नाही. 1978 साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि मराठी वाचनविश्व हादरले. त्यानंतर आत्मकथने येत गेली. ती लिहिली गेलीच पाहिजे होती, त्यांचे मोल आम्ही कमी करत नाही. पण प्रस्थापित वाचकाला आणि प्रकाशकाला एक सवय लागली. दलित लेखकाकडून त्याला साक्ष हवी होती. तुमच्यावर काय गुजरले ते सांगा, आम्ही हळहळतो. कल्पना करण्याचा अधिकार मात्र त्याने स्वतःच्या लेखकांसाठी राखून ठेवला. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' लोकांना माहीत असते, त्यांचा 'बारा बलुतेदार' हा 1959 सालचा कथासंग्रह कुणी मागत नाही. नामदेव ढसाळांनी 'हाडकी हाडवळा' नावाची कादंबरी लिहिली हे त्यांच्या कविता पाठ असलेल्या कार्यकर्त्यालाही सांगावे लागते. वामन होवाळ, केशव मेश्राम, योगिराज वाघमारे यांच्या कथा कुठल्या तरी अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यात पडून आहेत. आणि आपणही तीच यादी उचलली. त्यांनी साक्ष मागितली, आपण साक्षच वाचत राहिलो. "कादंबऱ्यांनी काय होणार" हे वाक्य याच काळात आपल्या तोंडी बसले.

बायकांच्या बाबतीत तर साखळी आधीपासूनच तुटकी होती. पुस्तक हातोहात फिरते म्हणजे कुठे फिरते? कट्ट्यावर, युनियनच्या कचेरीत, वसतिगृहात. तिथे बाई किती होती? फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात माल बांधायला आणलेली रद्दी वाचत. आपले लिखाण त्यांनी घरातल्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले, तेव्हा कुठे 'जिणं आमचं' लोकांसमोर आले. पुस्तक सुचवणारे कुणी नाही, त्यावर बोलणारे कुणी नाही. उर्मिला पवारांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह 1988 साली आला. 'आयदान'वर भरभरून बोलणारे वाचक त्या कथांपर्यंत गेलेले दिसत नाहीत. इथेही तेच, आत्मकथन पुढे आणि कथा मागे.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला पुस्तकांचे स्टॉल लागतात. माणसे प्रवासखर्चातून पैसे वाचवून पुस्तके घेतात, याचा अभिमान आपल्याला आहेच. पण त्या टेबलांवर कथा-कादंबऱ्या शोधाव्या लागतात. विक्रेत्याचा त्यात दोष नाही. मागणी नाही म्हणून तो ठेवत नाही, ठेवत नाही म्हणून नव्या पोरांना दिसत नाही, आणि आवृत्ती संपली की प्रकाशक पुन्हा छापत नाही. पोरे कादंबऱ्या वाचत नाहीत असेही नाही. मोबाईल जे सुचवतो ते वाचतात, भाषांतरित बेस्टसेलर वाचतात. मोबाईलला आपण बागूल कधी सुचवलेच नाहीत, तर तो तरी काय करणार?

म्हणून आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात एक साधी गोष्ट सुरू केली आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास. ज्याने जी कथा वाचली ती त्याने सांगायची, जमल्यास दोन पाने मोठ्याने वाचायची आणि पुस्तक तिथेच पुढच्याच्या हातात द्यायचे. पहिल्या कोऱ्या पानावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख. आत्मकथन आणायचे नाही, एवढा एकच नियम, आणि त्यावरूनच सर्वांत जास्त भांडणे होतात. बायकांनी आणलेले पुस्तक आधी, हे ठरवायला मात्र एकही बैठक लागली नाही. तुमच्याकडे सुरू करणार असाल तर पहिले पुस्तक कोणते, यावर आमच्यातही दोन तट आहेत. बरेच जण 'फकिरा' म्हणतात. आमचे मत बागुलांच्या 'सूड'ला आहे. लहान आहे, दोन बैठकांत वाचून होते, आणि बाईच्या देहावर समाजाने मांडलेल्या मालकीबद्दल ती जे बोलते त्यावर आपल्या पुरुष कार्यकर्त्यांना पळवाट सापडत नाही.