वरसई ते काशी : गोडसे भटजींच्या वाटेने

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे तिशीतले भिक्षुक १८५७ च्या प्रारंभी आपले चुलते रामभट यांच्यासमवेत उत्तरेस निघाले. घरावर कर्ज झाले होते. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून लाखोंचा दानधर्म होणार, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. तेव्हा हे गृहस्थ घराबाहेर पडले ते दक्षिणेसाठी. वाटेत बंड आडवे आले, हा योगायोग. 'माझा प्रवास' या त्यांच्या ग्रंथाची गोडी आमच्या मते याच योगायोगात आहे.

बदलीच्या नोकरीमुळे या वाटेवरील बहुतेक गावी आमचे जाणे झाले, आणि प्रत्येक ठिकाणी हे पुस्तक पेटीत होतेच. भटजींच्या काळी आगगाडी पुण्याच्या बाजूस जेमतेम खोपोलीपर्यंत आली होती. तेथून पुढे सारा पायांचा व्यवहार. आज एका रात्रीत मागे पडणाऱ्या सातपुड्याच्या रांगा त्यांनी किती दिवसांनी ओलांडल्या असतील, हा हिशेब आगगाडीच्या खिडकीशी बसून आम्ही पुष्कळदा केला आहे. महूच्या आसपास त्यांना पलटणीतील शिपाई भेटले व पुढील उत्पाताची चाहूल देऊन गेले. शहाणा मनुष्य तेथूनच परतला असता. कर्जदार मनुष्य परतत नाही.

झाशीस मात्र थांबावे लागते. सर ह्यू रोजच्या फौजेने मार्च १८५८ मध्ये शहरास वेढा दिला व एप्रिलच्या प्रारंभी ते घेतले. भटजी आत होते. कत्तल, आगी, आणि मागोमाग पद्धतशीर लूट, आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग धान्य, हे सारे त्यांनी लपतछपत पाहिले. मिळवलेली दक्षिणाही त्यातच गेली. तरीही राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याचे त्यांना जे दुःख झाले, ते स्वतःच्या पैशाच्या दुःखाहून उणे वाटत नाही. झाशीत महाराष्ट्रीय मंडळींचे जे गणेश मंदिर आहे, तेथेच राणीचे लग्न लागल्याचे परंपरेने सांगतात. त्या सभामंडपात उभे राहिले म्हणजे लक्षात येते की भटजी परक्या मुलखात नव्हते. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर, बिठूर, सर्वत्र त्यांना आपली भाषा बोलणारी माणसे भेटत होती. आज आपली मंडळे जे करतात, ते काम तेव्हा वाड्यांच्या ओसऱ्या करीत.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पुन्हा राणीचे दर्शन घडले. पुरुषी वेषातील, धुळीने माखलेली, तहानेली राणी. भटजी पाणी काढून देऊ लागले, तेव्हा तिने त्यांना तसदी न देता स्वतःच पाणी शेंदले व ओंजळीने प्याली. लक्ष्मीबाईंवर पुढे पोवाडे, नाटके, चित्रपट झाले. पण ही ओंजळ त्या सर्वांहून आम्हांस खरी वाटते.

खरी वाटते असे म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा ग्रंथ रोजनिशी नव्हे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून भटजींनी तो १८८३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिला. सरकारच्या धाकामुळे तो त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी तो छापला, तोही काटछाट करून व भाषा सुधारून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली. आमच्या घरातील मुलांना वैद्यांची प्रत सोपी जाते, हे खरे. परंतु भटजींचा आवाज ऐकावयाचा तो पोतदारांच्याच प्रतीत. ऐकीव हकिगती व तारखांचा घोळ तेथे आहेच. जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि जे कानांनी ऐकले, ते वाचकाने आपले आपण निराळे करावे. १९६६ पूर्वीच्या पुष्कळ लेखनाने तेवढे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

जवळजवळ तीन वर्षांनी भटजी वरसईस परतले. गाठीस म्हणण्याजोगे द्रव्य नव्हते. खांद्यावर काशीहून वाहून आणलेली गंगेची कावड होती. तिच्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.