‘लक्ष देत नाही’ ते ‘लक्ष लागत नाही’

जुन्या ट्रंकेत जपून ठेवलेले प्राथमिक शाळेचे प्रगतिपुस्तक आता एका अनपेक्षित ठिकाणी मागितले जाऊ लागले आहे : मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत. चाळिशीतला एखादा माणूस ‘मला एडीएचडी आहे का, ते तपासायचे आहे’ म्हणून येतो. तज्ज्ञ विचारतात, ‘बारा वर्षांचे होण्याआधी तुम्ही कसे होतात? सांगणारे कोणी आहे का? आई, मोठी बहीण? शाळेतले काही कागद?’ मग ते पिवळे पडलेले पुस्तक बाहेर निघते आणि शेऱ्याच्या रकान्यात बाईंचे वळणदार अक्षर दिसते : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’

एडीएचडी म्हणजे अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता यांचा विकार. त्याचे निदान करणारी रक्ताची चाचणी नाही, क्ष-किरणांची नाही, मेंदूच्या स्कॅनचीही नाही. निदान होते ते साक्षीवर. म्हणून या तपासणीचा इतिहास हा मुख्यतः साक्षीदारांचा इतिहास आहे : कोणत्या काळात कोणाचे म्हणणे ग्राह्य धरले गेले याचा. आपल्या भाषेत त्यासाठी दोन वाक्ये तयारच आहेत. पाहणारा म्हणतो, ‘लक्ष देत नाही.’ ज्याच्यावर बेतते तो म्हणतो, ‘लक्ष लागत नाही.’ पहिल्या वाक्यात इच्छेचा दोष आहे, दुसऱ्यात नाही. सव्वादोनशे वर्षे वैद्यकशास्त्र या दोन वाक्यांमध्ये येरझारा घालत आले आहे.

१७९८ साली अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातले एक प्रकरण अवधानाच्या विकारांवर आहे. काही जणांचे लक्ष एका विषयावर ठरतच नाही. खोलीत कोणी येरझारा घातल्या, टेबल सरकले, दार आपटले, एवढ्यानेही ते विचलित होतात, असे त्याने नोंदवले. हा दोष जन्मजात असू शकतो आणि वयाबरोबर बहुधा कमी होतो, असेही त्याचे मत होते. छडीच्या धाकानेही लॅटिन-ग्रीक व्याकरणात ज्यांचे मन रमत नाही, अशी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात, याकडे तो लक्ष वेधतो. क्राइटनचा विकार तो आजचाच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण असे लोक स्वतःच्या अस्वस्थतेला काय म्हणतात, हेही त्याने लिहून ठेवले. तो त्यांचे ऐकत होता.

पुढच्या शतकात ते ऐकणे मागे पडले. १९०२च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. बुद्धीने ठीक असूनही रागीट, बेशिस्त, एका जागी न टिकणारी २० मुले त्यांनी सादर केली : १५ मुलगे आणि ५ मुली. या दोषाला त्यांनी नाव दिले ‘नैतिक नियंत्रणातील दोष’. स्टिल यांना हा शारीरिक कारणांचा दोष वाटत होता, त्यामुळे मुलांकडे ते तुच्छतेने पाहत नव्हते. तरीही तो ओळखायचा कसा, तर घरच्यांना आणि वैद्यांना होणाऱ्या त्रासावरून. वाक्य पुन्हा ‘देत नाही’वर आले.

मेंदूतच दोष असेल तर तो दिसला पाहिजे, या ओढीने पुढची पिढी कामाला लागली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमधल्या ब्रॅडली होम या मुलांच्या रुग्णालयात मणक्यातले द्रव काढून त्या जागी हवा भरत आणि मग मेंदूचे क्ष-किरण चित्र घेत. या तपासणीने मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुले वर्गात एकाएकी मन लावून अभ्यास करू लागली. १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ जणांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाली होती. मुले त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. मेंदूच्या चित्राने जे दाखवले नाही, ते वर्गात दिसले. १९४४मध्ये सीबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट बनवले आणि पत्नी रिटा हिच्या नावावरून त्याचे ‘रिटालिन’ झाले.

औषध आले, तसा ते लागू पडते का हे मोजण्याचा प्रश्न आला. मानसशास्त्रज्ञ कीथ कॉनर्स यांनी शिक्षकांसाठी ३९ प्रश्नांची यादी केली आणि १९६९ साली ती प्रसिद्ध केली. चुळबुळ करतो का, इतरांना त्रास देतो का, काम अर्धवट सोडतो का. प्रत्येकापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘फारच’पर्यंत चार पायऱ्या. औषधाचा परिणाम मोजायला बनवलेली ही फूटपट्टी पाहता पाहता निदानाचीच फूटपट्टी झाली. शिक्षक हा मुख्य साक्षीदार ठरला. त्याची साक्ष मोलाची असते, कारण एका वयाची पन्नास मुले तो शेजारी शेजारी पाहतो. पण जे वर्ग बिघडवते, तेच त्याच्या नजरेत भरते. आणि ‘एका वयाची’ म्हणतानाही सावध राहायला हवे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्ये नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याचे प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक होते; मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. हा अभ्यास २०१२चा. कोवळेपणालाही आजार समजले जात होते. उतारवयात खुद्द कॉनर्स यांनीच वाढत्या निदानांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली.

चूक उलट दिशेनेही होत होती. मॉन्ट्रिअलच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२च्या लेखात दाखवले, की दोषाच्या मुळाशी धावपळ नसून टिकून न राहणारे अवधान आहे. १९८०च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने ते मानले आणि चंचलता नसलेलाही एक प्रकार नोंदवला. खिडकीबाहेर पाहत बसणारी, कोणाला त्रास न देणारी मुलगी तेव्हा कुठे कागदावर आली. नंतर पाळी आली प्रौढांची. मोठेपणी हे सुटते, हा समज मोडत गेला. युटामधील पॉल वेंडर यांच्या गटाने १९९३मध्ये ६१ प्रश्नांची यादी दिली : लहानपणी तुम्ही कसे होतात, हे आता आठवून सांगा. २००५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी १८ प्रश्नांची स्वयंमूल्यमापन सूची आली. २०१३च्या निदान-पुस्तिकेने लक्षणे दिसण्याचे वय सातवरून बारापर्यंत वाढवले आणि प्रौढांना नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. क्राइटनने ऐकलेला आवाज असा दोन शतकांनी साक्षीच्या पिंजऱ्यात परतला.

पण हा साक्षीदार तरी किती भरवशाचा? न्यूझीलंडमधील ड्युनेडिन इथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात आहे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी खळबळ उडवली. अडतिसाव्या वर्षी ज्यांच्यात हा विकार आढळला, त्यांतल्या बहुतेकांच्या बालपणीच्या नोंदींत तो नव्हता. ज्यांच्या नोंदींत होता, त्यांतल्या बहुतेकांच्या पालकांना तो आठवतच नव्हता. याचा अर्थ काय, यावर अजून वाद चालू आहे. आईची आठवण हा पुरेसा पुरावा नाही, एवढे मात्र त्यातून नक्की दिसते.

म्हणूनच चांगली तपासणी दहा मिनिटांत उरकत नाही. ती स्वतःचे सांगणे, घरच्यांचे सांगणे आणि जुने कागद एकमेकांशी ताडून पाहते. झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांपैकी दुसरे काही नाही ना, हे आधी पडताळते. चुकीच्या ‘हो’ची किंमत म्हणजे नको असलेले औषध, आपल्याकडे मेथिलफेनिडेट अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, ते उगाच नव्हे. चुकीच्या ‘नाही’ची किंमत मोजताना मात्र दिसत नाही. धांदरट, आळशी, पायाला भिंगरी लागलेला ही विशेषणे माणूस आयुष्यभर स्वतःचा स्वभाव म्हणून वागवतो.

आता ते प्रगतिपुस्तक पुन्हा पाहावे. ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याने विकार सिद्ध होत नाही. कोणाच्या तरी नजरेला काहीतरी खुपले होते, एवढेच कळते. आणि शेजारच्या बाकावरच्या त्या गप्प मुलीचेही प्रगतिपुस्तक घरी कुठेतरी असेल. त्यावर शेरा आहे : ‘वर्तन उत्तम.’ तपासायला ती आली, तर तो कागद तिच्या विरुद्धची साक्ष म्हणून वाचू नये.