उमेदवारी आणि उन्हाळी शिबिर

दहावीची परीक्षा संपली की 'सुट्टीत मुलांना कोणत्या शिबिराला घालायचे?' हा प्रश्न घरोघरी निघतो. यंदा तो आमच्याच घरी आला. कन्येला आठ दिवसांच्या चित्रपटनिर्मिती-शिबिराला जायचे आहे. शुल्क आम्हां प्राध्यापक दांपत्याला विचारात पाडील एवढे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे सवयीने इतिहासाकडे वळलो. आपल्याकडे चित्रपट करणारी माणसे ही विद्या नेमकी कोठे आणि कशी शिकली?

अल्पमुदतीच्या शिक्षणाच्या बाजूने सर्वांत सबळ साक्ष दादासाहेब फाळके ह्यांचीच निघते. १९१२ साली ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ ह्यांच्या स्टुडिओतले काम पाहिले आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले. मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. मग आठ दिवस का पुरू नयेत? परंतु हा युक्तिवाद अर्धवट आहे. लंडनला गेलेले फाळके चाळिशी ओलांडलेले होते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशी पाव शतकाची शिदोरी त्यांच्यापाशी होती. ते दोन आठवडे म्हणजे शिक्षणाचा आरंभ नव्हे. तयार घड्याळाला दिलेली किल्ली होती.

परतल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोज थोडी थोडी चित्रे घ्यायची आणि वाट पाहायची. फिल्मला छिद्रे पाडण्याचे, ती धुण्याचे काम घरातच चाले, आणि सरस्वतीबाई ते शिकल्या होत्या. मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहित झाला, तर कन्या मंदाकिनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण. मराठी चित्रपटाची पहिली शाळा अशी घरातच भरली.

दुसरी शाळा कोल्हापूरची. बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सारे एका छपराखाली होते. १९०१ साली जन्मलेले व्ही. शांताराम विशीच्या आतबाहेर तिथे दाखल झाले, ते हरकाम्या म्हणूनच. दामले, फत्तेलाल हेही तिथलेच. १९२९ मध्ये ह्या मंडळींनी 'प्रभात'ची स्थापना केली. ह्या उमेदवारीत शिकवणे वेगळे नव्हते. काम करता करता जे अंगी लागेल ते शिक्षण. तिचा एक दोषही नोंदवला पाहिजे. चूक झाली तर नुकसान मालकाचे होई, म्हणून चुकायला मुभा थोडी.

ती मुभा तिसऱ्या शाळेने दिली. 'प्रभात' १९५३ मध्ये बंद पडली आणि पुण्यातल्या तिच्याच जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली. साठच्या दशकात ऋत्विक घटक तिथे शिकवीत. विद्यार्थ्याने चित्रपट करावा, तो फसावा आणि का फसला ह्याची चर्चा व्हावी, हे त्या शिक्षणात गृहीत होते. अर्थात ही दारे प्रामुख्याने पदवीधरांना उघडी. पंधरा वर्षांच्या मुलीला नव्हेत.

आजचे उन्हाळी शिबिर ह्या तिन्हींपैकी कोणाचे वंशज? आम्हांला वाटते, कोणाचेच नाही. त्याचे नाते बालनाट्याशी आहे. सुधा करमरकर ह्यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्रातली कितीतरी मुले रंगमंचावर उभी राहिली. पुढे नट होणार असेल तरच मुलाने नाटकात काम करावे, अशी अट कोणी घातली नाही. चित्रपटाच्या शिबिराकडे मात्र आम्ही गुंतवणूक म्हणून पाहू लागलो होतो: ह्यातून पुढे काय निष्पन्न होणार? प्रश्नच चुकीचा होता. मूल आठ दिवसांत दिग्दर्शक होत नाही. पण आपल्या मनातले चित्र आणि पडद्यावर उमटलेले चित्र ह्यांतले अंतर त्याला आठ दिवसांत दिसू शकते. वाङ्मयाच्या अध्यापकांनी तरी ह्या अंतराला कमी लेखू नये.

म्हणून आम्ही निकष बदलले. कॅमेरा मुलांच्या हाती किती वेळ असतो? दुसऱ्याच्या चित्रपटासाठी दिवा धरून उभे राहावे लागते का? संकलन कोण करते? फसलेल्या प्रयत्नावर बोलणे होते का? कन्येने निवडलेल्या शिबिरातून उत्तर आले, संकलन आमचे तज्ज्ञ करतील. प्रत्येकाला तयार चित्रपट आणि प्रमाणपत्र मिळेल. म्हणजे चुकण्याचा नेमका भागच मुलांकडून काढून घेतलेला! तिथे आम्ही नकार दिला. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिला फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट सांगितली. सध्या गच्चीत एका कुंडीसमोर विटांवर आमचा जुना मोबाईल टेकवलेला आहे. पाचव्या दिवशी वाऱ्याने तो हलला आणि सारे चित्रण वाया गेले; तिने नवा दाणा पेरला. मे महिन्यात ती दुसऱ्या, लहानशा शिबिराला जाणार आहे. तिथे संकलनाला मुलांनाच बसावे लागते. पैसे भरले आहेत.