विमानतळाची पायवाट : भिवंडीकरांसाठी पहिला आणि शेवटचा टप्पा

भिवंडी, प्रतिनिधी - यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या शहराला स्वतःचा विमानतळ नाही. परंतु विमानाने प्रवास करणाऱ्यांची येथे वाण नाही. आखाती देशांत नोकरीसाठी जाणारे तरुण, हज आणि उमरा यात्रेला निघालेली वृद्ध मंडळी, कापडाचे व्यापारी, लहान-मोठे पुरवठादार अशा सर्वांना मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावा लागतो. रस्त्याने हे अंतर सुमारे ३५ ते ४० किलोमीटर भरते. एवढे अंतर कोणी पायी जात नाही. तरीही टॅक्सी न परवडणाऱ्या किंवा ती टाळू पाहणाऱ्या प्रवाशाला या प्रवासातील दोन टप्पे पायीच चालावे लागतात. एक घरापासून वाहनापर्यंतचा आणि दुसरा अखेरच्या स्थानकापासून टर्मिनलच्या दारापर्यंतचा. प्रवास सुखाचा होणार की जिकिरीचा, हे बहुतेक वेळा याच दोन टप्प्यांवर ठरते.

भिवंडीतून निघताना

भिवंडीहून विमानतळाकडे जाण्याचे सार्वजनिक वाहतुकीचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला ठाण्यावरून. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी या जुन्या रस्त्याने एसटी बस किंवा शेअर रिक्षाने ठाणे स्थानक गाठायचे, तेथून मध्य रेल्वेच्या लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो. दुसरा मार्ग रेल्वेचा. अंजूरफाट्याजवळील भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे. तेथून वसई रोड आणि वसईहून पश्चिम रेल्वेच्या लोकलने अंधेरी किंवा विलेपार्ले गाठता येते. या मार्गावरील गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक पाहूनच तो निवडावा लागतो. शिवाय भिवंडी रोड स्थानक गावाच्या एका टोकाला असल्याने शहराच्या जुन्या भागातून तेथवर पोहोचणे हाच एक वेगळा प्रवास ठरतो.

ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो-५ मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, धामणकर नाका ही या मार्गावरील स्थानके. मेट्रो आल्यावर ठाण्यापर्यंतची कोंडी टळेल. मात्र गल्लीबोळांतून स्थानकापर्यंत सामान ओढत नेण्याचा प्रश्न मेट्रोने आपोआप सुटणारा नाही. तो पदपथाचा प्रश्न आहे.

टी-२ पर्यंतची वाट

बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवाशांचे ठिकाण म्हणजे सहार येथील टर्मिनल-२. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो-१ ही ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या मार्गावर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्थानक आहे. नावामुळे अनेकांची फसगत होते. हे स्थानक विमानतळावर नसून अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आहे आणि तेथून टर्मिनल सुमारे दीड ते दोन किलोमीटर दूर आहे. हाच प्रकार नागपुरातही दिसतो. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या नागपूर मेट्रोचे ‘एअरपोर्ट’ स्थानक वर्धा मार्गावर आहे आणि टर्मिनल तेथून आत आहे.

७ ऑक्टोबर २०२४ रोजी मेट्रो-३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला आणि भिवंडीकरांची ही पायपीट बरीच कमी झाली. मेट्रो-१ ने मरोळ नाका येथे उतरून भुयारी मेट्रो-३ पकडली की पुढचेच स्थानक विमानतळ टर्मिनल-२ चे आहे. तरीही स्थानकाचे दार आणि टर्मिनलचे दार एक नव्हे. मधले अंतर उरतेच, म्हणून वेळेचा हिशेब करताना ते धरावे लागते.

सामान नसलेला निरोगी माणूस तासाला साधारण पाच किलोमीटर चालतो. दोन बॅगा आणि सोबत एखादे मूल वा वृद्ध असल्यास हा वेग तीन किलोमीटरवर येतो. म्हणजे ‘एअरपोर्ट रोड’पासून दोन किलोमीटरच्या वाटेला चाळीस मिनिटे सहज लागतात. पावसाळ्यात त्याहून अधिक. चाकांची बॅग गुळगुळीत फरशीसाठी बनलेली असते. उखडलेले पेव्हर ब्लॉक, उघडी गटारे आणि दुचाकींनी अडवलेले पदपथ यांच्यापुढे ती डोक्यावर घ्यावी लागते.

टी-१ चा पर्याय

देशांतर्गत प्रवाशांपैकी काहींना टर्मिनल-१ गाठायचे असते. तेथे जाण्यासाठी विलेपार्ले स्थानकाच्या पूर्वेकडून पायी निघता येते. अंतर सुमारे दीड ते दोन किलोमीटर. वाटेत पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो आणि खरी अडचण तीच आहे. मेट्रो-३ वर टर्मिनल-१ साठीही स्वतंत्र स्थानक आहे. तिकिटावर कोणते टर्मिनल छापले आहे, हे निघण्यापूर्वीच पाहणे अगत्याचे. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर पायी जाणे सामान घेऊन व्यवहार्य नाही.

मोटारीसाठी आखलेले दार

विमानतळ आणि पादचारी यांचे नाते पूर्वी एवढे दुरावलेले नव्हते. १९२८ मध्ये सुरू झालेल्या जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन उतरले, तेव्हा विमानतळ म्हणजे एक मोकळे मैदानच होते. पुढे नागरी वाहतूक सांताक्रूझला गेली. १९८१ मध्ये सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभे राहिले आणि विमानतळ हळूहळू मोटारीने जाण्याची जागा बनला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी नव्या टी-२ बरोबरच पश्चिम द्रुतगती महामार्गापासून टर्मिनलपर्यंतचा सहार उन्नत रस्ता खुला झाला. मोटारींची मोठी सोय झाली. परंतु टी-२ चे प्रस्थान वरच्या मजल्यावर आणि तेथवर नेणारा राजरस्ता मोटारींचा. पायी येणाऱ्याला जमिनीवरूनच वाट शोधावी लागते.

टर्मिनलच्या दारावर मात्र भेदभाव नाही. १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर २००० पासून देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. दारावरील जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. प्रवासी कशाने आला, हे विचारत नाही.

जगात अन्यत्र

पायी विमानतळ गाठणे ही हास्यास्पद कल्पना नाही. जिब्राल्टरमध्ये शहराचा रस्ता थेट धावपट्टीला छेदून जातो आणि विमान येताना रेल्वे फाटकाप्रमाणे तो बंद होतो. ३१ मार्च २०२३ रोजी मोटारींसाठी बोगदा खुला झाला, तरी पादचारी धावपट्टी ओलांडूनच ये-जा करतात. मेक्सिकोतील तिहुआना विमानतळाला अमेरिकेच्या हद्दीशी जोडणारा पादचारी पूल डिसेंबर २०१५ पासून वापरात आहे. चालणाऱ्याचा विचार आराखड्यातच केला, तर आंतरराष्ट्रीय सीमाही अडचण ठरत नाही.

हक्काचा प्रश्न

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य देण्याचे तत्त्व आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. कागदावर कमतरता नाही. कमतरता आहे ती धामणकर नाक्यापासून सहारपर्यंतच्या रस्त्यावर.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. भिवंडीकरांना आता दोन विमानतळ आहेत. नव्या विमानतळाला उरण रेल्वेमार्गावरील तरघर हे स्थानक जवळचे. तेथेही स्थानक आणि टर्मिनल यांमधील अंतराचा प्रश्न आहेच.

लक्षात ठेवावे असे काही

- मध्यरात्रीनंतर लोकल आणि मेट्रो काही तास बंद असतात. पहाटेच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी शेवटच्या गाडीने जाऊन थांबणे किंवा टॅक्सी ठरवणे, हे दोनच मार्ग उरतात.
- आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचण्याचा प्रघात आहे. पायी टप्प्यासाठी त्यात किमान पाऊण तास मिळवावा.
- तिकीट, पारपत्र आणि ओळखपत्र हाताशी ठेवावे. सामानाच्या तळाशी नव्हे.
- परतीच्या वेळी थकवा आणि सामान दोन्ही वाढलेले असतात. रात्री उतरणाऱ्यांनी पायी जाण्याचा विचार टाळावा.
- निरोप द्यायला येणाऱ्यांना तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. वृद्ध यात्रेकरूंचे सामान दारापर्यंत पोहोचवण्यासाठी एखादा नातेवाईक पुरतो.

आयुष्यात प्रथमच विमानात बसणाऱ्या यंत्रमाग कामगाराला आकाशातील हजारो किलोमीटरची चिंता नसते. ती विमान कंपनीची जबाबदारी असते. त्याला धास्ती असते ती जमिनीवरच्या अखेरच्या दोन किलोमीटरची. ती जबाबदारी कोणाची, याचे उत्तर महापालिका, मेट्रो आणि विमानतळ या तिघांनी मिळून द्यावयाचे आहे.